ह आणि ब

ऐरोलीच्या खाडीवर लावायचे फलक,
मजकूर मराठीत करून द्यायचा,
शब्दाला दोन रुपये चाळीस पैसे.
रोहित झाला, शेकाट्या झाला, तुतवार झाला,
नवव्या फलकाशी अडले.
चित्रात पांढरं अंग, काळी उघडी मान,
विळ्यासारखी खाली वळलेली चोच.
पुस्तकात शराटी असं आहे.
देऊस्कर मॅडम म्हणाल्या, ते कोणाला कळणार,
आयबिस ठेवा, सगळ्यांना कळतं.

मला नाही कळलं. म्हणून उकरत बसले.

इंग्रजीच्या खाली लॅटिन, लॅटिनच्या खाली ग्रीक,
ग्रीकच्याही खाली, नाईलच्या गाळात,
दोनच अक्षरं. ह आणि ब.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
तिथले लेखनिक स्वर लिहीतच नसत.
बोलणाऱ्याला ते ठाऊक असणारच
असा त्यांचा भरवसा.
अगदीच घोटाळा व्हायला नको
म्हणून शेवटी पक्षीच काढून ठेवायचा.

हब? हिब? हेबू?
म्हणणारे गेले.
फार पुढे त्यांच्याच वंशातल्या ख्रिस्ती लोकांनी
ग्रीकांची अक्षरं उसनी घेतली
तेव्हा कुठे स्वर उजेडात आले: हिबोई.
तोंडात घोळवून पाहिलं. हिबोई.
लांब गेलेल्या होडीला कोणी हाक मारावी तसं.

ग्रीकांनी मात्र शब्द त्याआधीच नेला होता,
आणि जहाजात चढवताना
ह पाण्यात पडला असावा.
त्यांच्या लिखाणात तो नाही. इबिस.
पुढे इंग्रजीने इ ताणून आय केला,
आता माझ्या टेबलावर, दोन चाळीसला.

शनिवारी ओहोटीला जोमा नाखव्याच्या होडीत बसले.
पुलाखालून पलीकडे, तिवरांमागे
चिखल उघडा पडला होता,
त्यात चौदा पांढरे,
डोळ्यांपर्यंत चोच खुपसून.
याला तुम्ही काय म्हणता?
“आमी? आमी कुदल्या बोलताव.
कुदलीवानी खनतं ना.”
त्याचा नातू रबाळ्याला गोदामात असतो,
त्या दिवशी सुट्टीवर होता. त्यालाही विचारलं.
मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, बगळा असेल.

आमी.
माझी आई घणसोलीची.
याच शब्दासाठी तिच्या तळहातावर पट्टी बसली होती,
दुसरीत.
मी आम्ही म्हणते, ह नीट दाबून.
त्याचेच पैसे मिळतात.

रात्री पुन्हा शब्दकोश काढला.
ह आणि ब यांचा आणखी एक शब्द
तिथेच जवळपास होता.
तीच दोन अक्षरं, फक्त शेवटी पक्ष्याच्या जागी
औताचं चित्र.
नांगर.

नातं नाही, एवढं मला कळतं.
मधे चार हजार वर्षं आहेत, अख्खा समुद्र आहे,
आणि कुदळ म्हणजे नांगर नव्हे.
तरी उठून पाणी प्यायले,
दिवा मालवला, पुन्हा लावला.

त्यांच्याकडे लेखनाच्या देवाला याच पक्ष्याचं डोकं.
त्याला प्रसन्न करायला लाखोंनी मारले,
कापडात गुंडाळले,
मडक्यात घालून भुयारात रचले.
आता त्या नदीकाठी तो दिसत नाही म्हणतात.
शब्द तेवढा सुटला.

फलकावर मी लिहिलं, कुदळ्या.
ळ खोडून ल केला.
पुन्हा ळ.
पुन्हा ल, आणि तसाच कागद पाठवून दिला.

सोमवारी रंगाऱ्याचा फोन आला.
बाई, ह्ये ल हाय का ळ?
तुम्ही काय म्हणता, मी विचारलं.
तो जरा थांबला. मागे ब्रश डब्यात आपटल्याचा आवाज.
आमी काय, म्हणाला,
तुमी सांगाल ते.